कागद सापडतो, पण फक्त काकांनाच

पत्राचा सारांश: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत कुटुंबाचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) घ्यायची, मशिनिंग करायचं आणि पंप व ट्रॅक्टरच्या कंपन्यांना पुरवायचं. भागीदारी फर्म, चाळीसेक कामगार. सासरे (घरात आणि कारखान्यात सगळे त्यांना आबा म्हणतात) पैशाचं बघतात, नवरा शॉपवर असतो आणि पत्र लिहिणारी सून चार वर्षांपासून ऑफिस सांभाळते. आबांच्या जोडीला पहिल्या दिवसापासून एक क्लार्क काका आहेत. कोणताही कागद त्यांना विचारल्याशिवाय मिळत नाही. या वर्षी तीन गोष्टी लागोपाठ झाल्या. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या एका लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट (टीसी, म्हणजे धातूच्या चाचणीचा दाखला) दाखवता आलं नाही. जीएसटीच्या नोटिशीला उत्तर द्यायला जुनी खरेदीची बिलं हवी होती, नेमके काका आजारी होते आणि शोधण्यात आठवडा गेला. नंतर जुन्या रिव्हिजनच्या (बदल होण्याआधीच्या) ड्रॉइंगवर माल झाला आणि अख्खा लॉट रिजेक्ट झाला. एका सॉफ्टवेअर विक्रेत्याने वीस वर्षांचे सगळे कागद स्कॅन करून 'पेपरलेस ऑफिस' करून द्यायचं कोटेशन दिलंय. आबा म्हणतात, 'आपले रेट, आपले हिशेब बाहेरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे नाहीत.' काका दुखावलेत. नवरा म्हणतो, तुम्ही ठरवा आणि मला सांगा. तिचा प्रश्न: 'या दोघांना पटवू कसं? की सरळ ऑर्डर देऊन टाकू?'

ताई, ऑर्डर आत्ता देऊ नका. सॉफ्टवेअर नको असं मी म्हणत नाही. ते तुम्हाला कदाचित लागेलच. पण तिन्ही घटनांचं कारण तुम्ही एकच धरलंय, कागद कॉम्प्युटरवर नव्हते हे. पत्र पुन्हा वाचल्यावर मला ते तसं दिसत नाही.

टेस्ट सर्टिफिकेटचं घ्या. ते सापडलं नाही असं तुम्ही लिहिता. ते आलं होतं का, हे आधी बघा. कास्टिंग घेऊन टेम्पो येतो, स्टोअरवाला नग मोजतो, चलनावर सही करतो आणि टेम्पो जातो. टीसी 'मागनं पाठवतो' म्हणून राहतं. फाउंड्री ते दोन दिवसांनी कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर टाकते आणि तिथेच त्याचा शेवट होतो. तुमच्याकडे असंच झालं असेल, तर वीस वर्षांचे कागद स्कॅन करूनही ते टीसी मिळालं नसतं. तिथे नियम हवा तो इनवर्डच्या, म्हणजे माल आत घेण्याच्या, टेबलावर: टीसीशिवाय लॉट स्टॉकमध्ये घ्यायचा नाही, बाजूला होल्डवर ठेवायचा. आणि टीसी आलं की त्यावरचा हीट नंबर (धातूच्या त्या ओतणीचा क्रमांक) इनवर्ड रजिस्टरमध्ये लिहायचा. कास्टिंगवर तोच नंबर उठवलेला असतो आणि ग्राहकाचा ऑडिटर त्याच नंबराने विचारतो. तुमची फाइल मात्र फाउंड्रीच्या नावाने लावलेली असते. विचारणारा ज्या नावाने विचारतो त्या नावाने कागद लावलेला नसेल, तर तो कपाटात असो की कॉम्प्युटरवर, शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही.

ड्रॉइंगची गोष्ट तर याहून वेगळी आहे, आणि पैशाने सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालंय म्हणून तिच्यावर जरा थांबते. नवीन रिव्हिजन तुमच्याकडे मेलवर आलेलं असणार, म्हणजे ते कॉम्प्युटरवर होतंच. चुकीचा कागद होता तो मशीनवर. व्हीएमसी मशीनच्या दाराला चिकटवलेली, प्लास्टिकच्या पिशवीतली, कूलंटने पिवळी पडलेली प्रिंट. ऑपरेटर तीच बघून काम करतो, कारण ती त्याच्या डोळ्यांसमोर असते. अशा प्रिंटवर बहुतेक वेळा पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलंही असतं: या बोअरला टूल कितीवर लावायचा, कुठल्या बाजूने क्लॅम्प केलं तर जॉब ताणत नाही. म्हणून तो ती टाकायला तयार नसतो, आणि त्याचं बरोबर आहे.

इथे करायचं काम साधं आहे, पण ते तुमच्या यजमानांनी करायचंय. प्रत्येक पार्टचं चालू ड्रॉइंग एकाच फोल्डरमध्ये आणि एकच. जुनं रिव्हिजन 'रद्द' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, जे शॉपवरच्या कॉम्प्युटरवर दिसणारच नाही. शॉपवर जाणाऱ्या प्रत्येक प्रिंटवर तारीख, रिव्हिजन आणि सहीचा शिक्का. नवी प्रिंट द्यायची ती जुनी हातात घेऊनच, नाहीतर द्यायची नाही. आणि जुनीवरची पेन्सिलची टिपणं त्याच वेळी ऑपरेटरसोबत बसून सेटअप शीटवर उतरवून घ्यायची. याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, आणि हे केलं नाही तर कुठलंही सॉफ्टवेअर पुढचा लॉट वाचवणार नाही. तुम्ही आयएसओ ९००१ घेतलेलं असेल, तर कागदपत्रांवर नियंत्रण ठेवण्याची हीच अपेक्षा त्यात लिहिलेली आहे. ऑडिटच्या आदल्या रात्री फायली लावण्यापुरतं ते ठेवू नका.

राहिली बिलांची गोष्ट. इथे तुमचं निदान बरोबर आहे, निम्मं. कागद होता, जागेवर होता, पण जागा एकाच माणसाला माहीत होती. त्यावर 'काका अडथळा आहेत' असा निष्कर्ष तुम्ही काढलाय. तो शब्द पत्रात नाही, पण सूर तोच आहे.

काकांना बॉक्स फाइल न उघडता सांगता येतं की अमुक बिल खालून तिसऱ्या कप्प्यात आहे. याचा अर्थ त्यांची एक पद्धत आहे. ती कुणी कधी विचारली नाही, म्हणून लिहिली गेली नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत, मोडी कागदांची कापडात बांधलेली गाठोडी. घडणी, चिटणीसी, प्रांत अजमास अशी त्यांची वर्गवारी आहे आणि ती वर्गवारी टिकली म्हणूनच दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद आज अभ्यासकाच्या हाती लागतो. कागद शिल्लक राहिले आणि लावणी विस्कटली असती, तर ती नुसती रद्दी झाली असती. तुमच्या कपाटांची लावणी आज काकांच्या डोक्यात आहे. विक्रेत्याची मुलं येऊन फायली सोडवतील, भराभर स्कॅन करतील आणि ढीग परत बांधून ठेवतील. त्यांना पानं दिसतील, लावणी दिसणार नाही. नंतर तुमच्याकडे काकांची पद्धतही नसेल आणि नवीही बसलेली नसेल.

म्हणून आधी काकांजवळ बसा. त्यांची चौकशी चालली आहे असं त्यांना वाटू नये. 'काका, नोटिशीच्या वेळी तुम्ही नव्हता तर आमची फार पंचाईत झाली. मला एकदा सगळं दाखवा,' एवढंच म्हणा. ते खरंही आहे. कपाटागणिक, कप्प्यागणिक एक वहीचं पान करा: काय आहे, कुठल्या सालापासून, कशाच्या क्रमाने. पुढे फाइलला नाव काय द्यायचं हे ठरवताना त्यांना विचारा, आणि स्कॅन झालेला कागद नीट वाचता येतो का हे तपासून सही करायचं काम त्यांच्याकडे द्या. तीस वर्षं कागद ओळखणाऱ्या माणसाला पुसट कार्बन कॉपीवरचा आकडा तीन आहे की आठ, हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळतं.

आणि एक गोष्ट तुमच्याबद्दल. नवी पद्धत आली की पासवर्ड कुणाकडे असतील, नावं कशी दिली हे कुणाला माहीत असेल, याचा विचार करा. उत्तर 'मला' असं असेल, तर काकांच्या जागी तुम्ही आलात एवढाच बदल झाला. तुम्ही बाळंतपणाला किंवा माहेरी गेलात की तोच आठवडा पुन्हा. रेट आणि पगार सोडून बाकी सगळं निदान दोन माणसांना काढता आलं पाहिजे, आणि त्यातला एक घरातला नसावा.

सुरुवात कुठून करायची? पंधरा दिवस एक वही टेबलावर ठेवा. जो कुणी जो कागद मागेल तो लिहायचा: कुणी मागितला, कशासाठी, मिळायला किती वेळ लागला. ग्राहक टीसी मागेल, सीए बिल मागेल, बँक स्टॉक स्टेटमेंट मागेल, यजमान जुनी पी.ओ. (ग्राहकाची खरेदीची ऑर्डर) मागतील. मला खात्री आहे की पाच-सहा प्रकारचेच कागद पुन्हापुन्हा येतील. तेवढेच आधी घ्या. वीस वर्षांपूर्वीची चहाची व्हाउचरं स्कॅन करायला पैसे देऊ नका.

आणि आजपासून पुढे जा, मागे नको. एक तारीख ठरवा. त्या दिवसापासून येणारा प्रत्येक महत्त्वाचा कागद त्याच दिवशी स्कॅन होईल. जुना कागद कुणीतरी मागितला म्हणून कपाटातून निघाला, तर परत ठेवण्याआधी तो स्कॅन करायचा. ज्याला कुणी हातच लावत नाही तो राहू दे. याला एकच अपवाद, थर्मल कागदाच्या पावत्या. वजनकाट्याची, टोलची, पेट्रोलची पावती काही महिन्यांत पांढरी पडते. ती आली त्या दिवशीच घ्या.

फाइलचं नाव सगळ्यांनी एकाच साच्यात द्यायचं: आधी तारीख, तीही वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. मग पार्टीचा कोड, मग कागदाचा प्रकार, मग नंबर. टीसी असेल तर हीट नंबर, बिल असेल तर बिल नंबर. पार्टीचं नाव टॅलीत जसं आहे तसंच इथे. एकाच फाउंड्रीची तीन स्पेलिंगं झाली की शोध तिथेच बुडाला. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल २' ही नावं बंद. हाताने लिहिलेली चलनं कॉम्प्युटरला दर वेळी नीट वाचता येतातच असं नाही, विशेषतः मराठी अक्षरातली. त्यामुळे स्कॅन केल्यावर सगळं आपोआप शोधता येईल, असं विक्रेता म्हणाला तर तुमच्याच शॉपवरची चार चलनं त्याच्यासमोर ठेवा आणि करून दाखवायला सांगा.

मेलवर पीडीएफ आलेलं बिल प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करण्याची पद्धत बऱ्याच ऑफिसांत आहे. ती कृपा करून थांबवा. बिलावर डिजिटल सही असेल तर ती त्या मूळ फाइलमध्येच तपासता येते. प्रिंटच्या स्कॅनमध्ये तिचं नुसतं चित्र उरतं.

आता आबा. 'कागद तो कागद' ही त्यांची भावना निराधार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिली आहे आणि जीएसटीचे नियमही हिशेब इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायला परवानगी देतात, बॅकअपसह. पण ज्या कागदावर शाईची सही आहे त्याचा स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे. एमआयडीसीचा लीज डीड, भागीदारीचा करारनामा, स्टॅम्प पेपरवरचे करार, वचनचिठ्ठ्या, बँकेत तारण दिलेल्या कागदांच्या पोच, वादातल्या पार्टीची सही-शिक्क्याची चलनं, ही मूळ रूपात जपायचीच. स्कॅन करा, पण मूळ फेकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात पुरावा म्हणून द्यायची तर त्याखाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू द्यायची असते. ही फाइलमधून गणिताने काढलेली खूण असते. आतलं एक अक्षर बदललं तरी ती बदलते. तेव्हा कुणीही कधीही बदलू शकेल अशा फोल्डरमध्ये स्कॅन पडून राहणं योग्य नाही. एकदा तपासून ठेवलेली फाइल फक्त वाचता यावी, बदलता येऊ नये.

किती वर्षं ठेवायचं, हेही आबांना सांगा, म्हणजे कपाटं कधी मोकळी होतील हे त्यांना दिसेल. जीएसटीसाठी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. २०२३-२४ ची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाचे हिशेब आणि बिलं ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्या प्रकरणाचे कागद निकालानंतरही एक वर्ष, किंवा ही मुदत, यांतलं जे उशिरा संपेल तोवर. पोर्टलवर आहे ना, म्हणून निश्चिंत राहू नका. विवरणपत्रं पोर्टलवर सात वर्षंच दिसतील असं धोरण २०२४ मध्ये जाहीर झालं होतं. आपली प्रत उतरवून घेतलेली बरी. हे वाचणाऱ्या कुणाची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर त्यांना हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद चालू ठेवणं बंधनकारक आहे. ग्राहकाच्या करारात टीसी आणि तपासणी अहवाल यापेक्षा जास्त वर्षं मागितलेले असू शकतात. पी.ओ.च्या मागच्या अटी एकदा वाचा. काहीही रद्दीत घालण्याआधी यादी करून सीएला दाखवायची आणि त्यांची लेखी संमती घ्यायची.

'बाहेरच्या कॉम्प्युटरवर नको' या आबांच्या म्हणण्यात खरी काळजी आहे ती रेट कुणाला दिसतील याची. तिचं उत्तर द्या, तिला मोडीत काढू नका. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन, आणि ज्याचं काम जेवढं तेवढंच त्याला दिसेल. शॉपला आणि स्टोअरला ड्रॉइंग, टीसी आणि तपासणी अहवाल, स्टोअरला शिवाय चलनं, रेट आणि पगार फक्त आबांना आणि तुम्हाला. मग आबांसमोर बसून एकदा आजची स्थिती बघा: कंपनीचे मेल कुणाच्या खासगी जीमेलवर येतात? पी.ओ. किती जणांच्या व्हॉट्सॲपवर आहेत? नोकरी सोडून गेलेल्या सुपरवायझरच्या फोनमध्ये काय काय राहिलंय? कामगारांच्या आधार कार्डांचे फोटो कुठल्या ग्रुपवर पडलेत? रेट आजच बाहेर आहेत, आणि ते कुणाच्या हातात आहेत हे आबांना माहीतही नाही. कंपनीच्या नावाचा एक मेल, जो माणूस गेला तरी कंपनीकडेच राहील, हे पहिल्या आठवड्यात करण्याचं काम आहे. आधारच्या प्रती ग्रुपवरून काढून टाका. कामगाराचा तो कागद त्याचा आहे, तुम्ही फक्त सांभाळताय.

आणि पुराचं आबांना सांगायची गरज नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ दोन्ही त्यांनी पाहिलेत. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या तळमजल्यावरच्या दुकानांतून भिजलेल्या वह्या कशा निघाल्या, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. पण कॉम्प्युटरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, हेही खरं नाही. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात: एक रोजच्या कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक कारखान्याबाहेर. ती बाहेरची प्रत क्लाउडवर असेल किंवा आबांच्या घरच्या तिजोरीतल्या डिस्कवर, सुरुवातीला काहीही चालेल. तिजोरीची कल्पना आबांना पटेल असं मला वाटतं. हार्ड डिस्क कायम जोडून ठेवू नका. खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही तोच कुलूपबंद करतो. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून बघा.

एवढं सहा महिने चाललं की मग विक्रेत्याला बोलवा. तोपर्यंत तुम्हाला काय हवंय हे त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असेल. त्याला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण उत्तरं लेखी घ्या. उद्या आम्ही सोडून गेलो तर सगळ्या फायली आणि त्यांची यादी कुठल्या स्वरूपात परत मिळेल, आणि त्याचे पैसे किती? पैसे भरायचे राहिले तर बघता तरी येईल का? कुणी काय उघडलं, काय बदललं याची नोंद राहते का? चालू आणि रद्द ड्रॉइंग वेगळी ठेवता येतात का? टॅलीतल्या नोंदीवरून थेट बिल उघडतं का? पहिल्या प्रश्नाला जो गोलगोल उत्तर देईल, त्याच्याकडून घेऊ नका, किंमत कितीही कमी असली तरी.

यजमानांनी 'तुम्ही ठरवा' म्हटलंय, ते मात्र मान्य करू नका. ड्रॉइंग त्यांच्याकडे, टीसीचा होल्ड स्टोअरकडे पण त्यांच्या हुकमाने. हे त्यांनी शॉपवर स्वतः सांगितलं नाही, तर ऑफिसातल्या बाईने काढलेला नियम म्हणून तो पहिल्या घाईच्या डिस्पॅचला मोडेल.

पुढच्या ग्राहक-ऑडिटच्या महिनाभर आधी एक तालीम घ्या. तयार मालातला कुठलाही एक नग उचला आणि त्यावरच्या हीट नंबरावरून टीसी, इनवर्ड, त्या वेळचं ड्रॉइंग, तपासणी अहवाल आणि विक्रीचं चलन काढायला सांगा. काकांना नाही आणि तुम्हीही नाही, स्टोअरमधल्या नव्या पोराला. तो जिथे अडेल ते लिहून ठेवा, आणि पुढच्या महिन्याचं काम तेवढंच धरा.